एक ताप, तीन दुखणी : चिकुनगुनियानंतर लांबलेल्या सांधेदुखीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातील 51 वर्षांच्या महिलेचे आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. येथे त्यांना शांताबाई म्हटले आहे. त्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा घरगुती व्यवसाय करतात. आजारापूर्वी त्या रोज सुमारे दीडशे भाकरी एकट्याने थापत आणि सून त्या भाजून वाळवत असे. त्यांचे गुडघे चार-पाच वर्षांपासून अधूनमधून दुखत, आणि वर्षभरापूर्वीच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 6.3 टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. या दोन्ही गोष्टी आमच्या दवाखान्यातील केसपेपरवर नोंदलेल्या होत्या. त्या वेळेवर वाचल्या गेल्या नाहीत, हे पुढे येईलच.

2024 च्या पावसाळ्याअखेरीस राज्यात अनेक ठिकाणी चिकुनगुनियाचे रुग्ण वाढले होते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शांताबाईंच्या घरात पाचपैकी चार जणांना आठ-दहा दिवसांच्या अंतराने ताप आला. गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, त्यामुळे हौद आणि पिंपे भरून ठेवण्याला पर्याय नसतो, आणि हा रोग पसरवणाऱ्या एडिस डासाला अशा साठवलेल्या पाण्यात अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून घासायची, म्हणजे ‘कोरडा दिवस’ पाळायचा, ही सूचना घरात सर्वांना पाठ होती. पण ज्या दिवशी पाणी येणार नाही त्या दिवशी हौद कसा रिकामा करायचा, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

घरात ताप न आलेल्या एकमेव व्यक्ती म्हणजे शांताबाईंच्या 78 वर्षांच्या सासूबाई. त्यांचे माहेर बार्शीचे. 1973 साली बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती आणि त्यानंतर सुमारे तीन दशके, 2005 अखेरपर्यंत, देशात या रोगाची मोठी साथ नोंदली गेली नाही. 2006 मध्ये मात्र देशभरात सुमारे 13.9 लाख संशयित रुग्ण झाले. सासूबाई सांगत की त्या तरुण असताना माहेरी ‘सगळी आळी वाकून चालत होती’. त्यांना तेव्हा झालेला ताप तोच होता हे आता सिद्ध करता येणार नाही, परंतु एकदा चिकुनगुनिया झाल्यावर प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते, त्यामुळे तर्क तसा बसतो. टांझानियातील माकोंडे भाषेतून आलेल्या या रोगाच्या नावाचा अर्थही ‘वाकवून टाकणारा’ असाच आहे.

तापाचे दिवस

शांताबाईंना पहिल्याच दिवशी 103 अंश ताप, दोन्ही मनगटे, बोटे व घोटे यांत तीव्र वेदना, आणि चौथ्या दिवशी अंगावर पुरळ असे चित्र होते. तिसऱ्या दिवशीची डेंग्यूची एनएस-1 चाचणी नकारार्थी आली आणि चौथ्या दिवशी प्लेटलेट 1 लाख 32 हजार होत्या. एका नकारार्थी चाचणीवर डेंग्यू पूर्णपणे वगळता येत नाही आणि डेंग्यूमध्ये अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती एवढाच उपचार ठेवला. बाराव्या दिवशी चिकुनगुनियाची आयजीएम चाचणी सकारात्मक आली.

हा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या योग्य होता, पण तो समजावून सांगण्यात आम्ही कमी पडलो. वेदनाशामक का देत नाही हे सांगितले. ते किती दिवसांपुरते देत नाही आणि पुढे काय देता येईल, हे सांगितले नाही. शांताबाईंच्या मनात राहिले ते इतकेच की या दवाखान्यात दुखण्यावर औषध मिळत नाही.

दुखणे कसे लांबले

ताप सहा दिवसांत उतरला, सांधे मात्र उतरले नाहीत. चिकुनगुनियात पहिले तीन आठवडे तीव्र अवस्थेचे, तेथून तीन महिन्यांपर्यंत मधली अवस्था, आणि त्यापुढे दुखणे राहिले तर दीर्घकालीन अवस्था मानली जाते. किती जणांचे दुखणे इतके लांबते याचा आकडा अभ्यासागणिक बदलतो. चाळिशी उलटलेले, स्त्रिया, सांध्यांचा आधीचा त्रास असलेले आणि तापातच फार तीव्र वेदना झालेले यांच्यात ते प्रमाण अधिक असते. शांताबाई या चारही गटांत बसत होत्या. त्यांना तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून बोलावून तपासायला हवे होते. आम्ही वाट पाहिली.

त्या आल्या नाहीत, कारण ऑक्टोबरच्या मध्यास त्या शेजारच्या गावातील एका उपचारकर्त्याकडे गेल्या होत्या. तेथे एक इंजेक्शन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी त्या उठून परातीपाशी बसल्या. पुढे अशी आणखी दोन इंजेक्शने आणि नाव नसलेल्या गोळ्यांच्या पुड्या पाच आठवडे चालू राहिल्या. पुड्या संपल्या आणि आठवडाभरात सूज पूर्वीपेक्षा जास्त आली. डिसेंबरच्या मध्यास, म्हणजे तापानंतर चौदाव्या आठवड्यात, त्या आमच्याकडे परत आल्या तेव्हा चेहरा गोल झाला होता, रक्तदाब 148/92 होता, जेवणानंतरची साखर 268 आणि तीन महिन्यांची सरासरी 7.9. पुड्यांमध्ये स्टेरॉइड होते याचा कागदोपत्री पुरावा नव्हता, परंतु चित्र त्याशिवाय दुसऱ्या कशाने जुळत नव्हते.

त्यांचे पहिले वाक्य असे होते : ‘‘डॉक्टर, सकाळी उठल्यावर हात माजंच न्हाईत असं वाटतंय.’’ विचारल्यावर कळले की सकाळचा ताठरपणा सुमारे दोन तास राहतो, वेणी घालता येत नाही, पिळा देऊन कपडे पिळता येत नाहीत, आणि भाकरी थापताना तळहात सपाट पडत नसल्याने कडेला चिरा जातात. व्यवसाय दीडशे भाकरींवरून चाळीसवर आला होता.

नेमकी अडचण काय होती

तपासणीत दोन्ही मनगटे, उजव्या हाताच्या तर्जनी व मधल्या बोटाचे मुळाचे सांधे आणि दोन्ही घोटे सुजलेले व दाबल्यावर दुखणारे होते. रक्तातील दाह दाखवणाऱ्या चाचण्यांत ईएसआर 48, सीआरपी वाढलेला. हातांच्या एक्स-रेमध्ये हाडांची कुरतड दिसत नव्हती. गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये झीज स्पष्ट होती. आमवातासाठीच्या दोन रक्तचाचण्यांपैकी रुमॅटॉइड फॅक्टर किंचित सकारात्मक, तर अँटी-सीसीपी नकारार्थी आला.

रुमॅटॉइड फॅक्टरचा अहवाल घरी पोहोचताच गोंधळ झाला. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ठळक छापलेला होता, आणि एका नातलगाने तो वाचून ‘हा आमवात आहे, जन्मभर गोळ्या’ असा निकाल देऊन टाकला. विषाणूजन्य तापानंतर रुमॅटॉइड फॅक्टर थोडा वाढलेला दिसू शकतो, वयानुसारही तो वाढतो. अँटी-सीसीपी नकारार्थी, हाडे शाबूत आणि दुखण्याची सुरुवात तापाच्या तारखेला चिकटलेली, अशा स्थितीत जन्मभराच्या आजाराचे नाव लावणे घाईचे होते. उलट बाजूने, काही रुग्णांत चिकुनगुनियानंतर खरोखरच आमवातासारखा आजार स्थिरावतो, म्हणून ती शक्यता पुसून टाकणेही बरोबर नव्हते. आम्ही केसपेपरवर ‘चिकुनगुनियानंतरचा दाहजन्य संधिवात, सहा महिन्यांनी पुनर्विचार’ असे लिहिले आणि घरच्यांना हेच वाक्य मराठीत वाचून दाखवले.

खरी चूक मात्र दुसरीकडे होत होती. शांताबाई, त्यांचे कुटुंब आणि आम्ही, सगळे मिळून अंगातल्या प्रत्येक दुखण्याला ‘चिकनगुन्याचं दुखणं’ म्हणत होतो. एकदा एकच नाव पडले की औषधही एकच शोधले जाते, आणि ते पुरले नाही की त्याचीच मात्रा वाढवावीशी वाटते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीही विशेष न करता पॅरासिटामॉलवर थांबण्याचा होता. अनेकांचे दुखणे वर्षभरात आपोआप ओसरते, त्यामुळे हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण चौदा आठवड्यांनंतरही सूज दिसत असताना आणि पोट हातावर असताना तो टिकणारा नव्हता. दाहशामक गोळ्या नियमित देणे हा दुसरा. वाढलेला रक्तदाब आणि वाढलेली साखर यांमुळे मूत्रपिंडाचा विचार करून त्या फक्त थोड्या दिवसांसाठी ठेवल्या.

स्टेरॉइडचा प्रश्न नाजूक होता. साखर पाहता ते अजिबात नको, असे म्हणण्याचा मोह होत होता, पण पाच आठवडे स्टेरॉइड घेतलेल्या शरीराची स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी यंत्रणा मंदावलेली असू शकते आणि पुड्या एकाएकी थांबल्या होत्या. त्यामुळे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कमी मात्रेत सुरू करून सहा आठवड्यांत उतरवत बंद करणे, आणि त्याच वेळी साखरेसाठी मेटफॉर्मिन देणे, असे ठरले. ‘ज्यानं बिघडलं तेच परत देताय?’ हा शांताबाईंच्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याला कागदावर मात्रा लिहून दाखवली. किती, कधीपर्यंत आणि कशासाठी, हे माहीत असलेली गोळी आणि न माहीत असलेली पुडी यांतला फरक त्याला त्या कागदावरून पटला.

लांबलेल्या दाहासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि मेथोट्रेक्सेट ही दोन औषधे विचारात होती. दोन्हींबाबतचा पुरावा मर्यादित आहे. पहिले तुलनेने सौम्य, पण डोळ्यांची तपासणी मागणारे. दुसरे अधिक परिणामकारक ठरण्याची शक्यता असलेले, पण यकृत व रक्तपेशींवर लक्ष ठेवावे लागणारे, आणि गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीत टाळायचे. शांताबाईंची पाळी गेलेली होती, मद्याचा प्रश्न नव्हता. जानेवारी 2025 मध्ये शहरातील संधिवाततज्ज्ञांना दाखवले. छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी व सीच्या चाचण्या आणि यकृताची तपासणी झाल्यावर त्यांनी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा 10 मिलिग्रॅम आणि दुसऱ्या एका दिवशी फोलिक अ‍ॅसिड असे सुचवले.

घरी निर्गुंडीच्या पाल्याचा शेक चालू होता. तो बंद करायला सांगण्याचे कारण नव्हते. ऊब लागत होती, नुकसान नव्हते. पोटात घ्यायच्या बिननावाच्या कोणत्याही गोष्टीला मात्र स्पष्ट नकार दिला.

काय केले आणि काय निसटता निसटता राहिले

मेथोट्रेक्सेटमधील सर्वांत मोठा धोका औषधापेक्षा ते घेण्याच्या पद्धतीत आहे : आठवड्याची गोळी कोणी रोज घेतली तर रक्तपेशी घसरून जिवावर बेतू शकते. म्हणून गोळीचा वार गावच्या आठवडी बाजाराशी, रविवारशी जोडला आणि फोलिक अ‍ॅसिडचा बुधवारशी. दिनदर्शिकेवर रविवारी लाल पेनने गोल. चिठ्ठीवर मी लिहिले : ‘दर रविवारी चार गोळ्या’. 2.5 मिलिग्रॅमच्या चार, म्हणजे 10.

दुसऱ्या महिन्यात औषध दुकानातून 10 मिलिग्रॅमच्या गोळ्यांची पट्टी दिली गेली. औषधाचे नाव तेच होते. चिठ्ठीप्रमाणे चार घेतल्या असत्या तर एका दिवशी 40 मिलिग्रॅम पोटात गेले असते. शांताबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी नव्या पट्टीचा रंग निराळा दिसला म्हणून शनिवारी संध्याकाळी सुनेकरवी फोन केला. दुकानदाराकडे बोट दाखवणे सोपे होते, पण मुळात गोळ्यांची संख्या लिहिणारा मी होतो. तेव्हापासून या औषधाची चिठ्ठी आम्ही मिलिग्रॅम, गोळीची ताकद, गोळ्यांची संख्या आणि वार असे चारही लिहून, एका वेळी चार आठवड्यांपुरतीच देतो. रिकामी पट्टी परत आणायला सांगतो.

फेब्रुवारीअखेर बोटांची सूज बरीच उतरली होती, ताठरपणा पाऊण तासावर आला होता. तरीही शांताबाई म्हणत, उजवा हात कामाला येत नाही. मेथोट्रेक्सेटची मात्रा 15 मिलिग्रॅम करावी, असे मी जवळपास ठरवले होते. त्याच आठवड्यात सासूबाईंचा रक्तदाब पाहायला त्यांच्या घरी जाणे झाले आणि स्वयंपाकघरात शांताबाई भाकरी थापताना दिसल्या. डावा हात परात फिरवत होता, उजव्याची चार बोटे पिठावर पडत होती, पण अंगठा हवेत, तळहातापासून दूर ताठ धरलेला. थापण्याचा नेहमीचा भरीव आवाज नव्हता, नुसता बोटांचा टपटप होता. तेथेच अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितले. त्या ओरडल्याच.

हा सांध्याचा दाह नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावरून जाणाऱ्या स्नायुबंधांच्या आवरणाची सूज होती. चिकुनगुनियानंतर अशी आवरणे सुजणे नेहमीचे आहे, आणि वर रोजच्या थापण्याची, पिळण्याची भर. अशा ठिकाणी पोटातले औषध वाढवून थोडेच हाती लागते. अंगठ्याला विश्रांती हवी असते. तेथे स्टेरॉइडचे एक स्थानिक इंजेक्शन देता आले असते, परंतु नुकतीच ताळ्यावर येणारी साखर आणि इंजेक्शनचा पूर्वानुभव पाहून, आधी सहा आठवडे अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा वापरायचा आणि उपयोग न झाल्यास इंजेक्शन, असे दोघांच्या संमतीने ठरले. इंजेक्शनची वेळ आली नाही. मात्रा 10 वरच राहिली.

भौतिकोपचारतज्ज्ञांनी सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे उघडण्या-मिटण्याचे व्यायाम, मेणाचा शेक, आणि घोट्यांसाठी टाचेमागचे स्नायू ताणण्याचे व्यायाम दिले. ‘दुखत असताना हलवायचं कसं’ हा प्रश्न प्रत्येक भेटीत आला. व्यायामाने वाढलेले दुखणे तासाभरात ओसरले तर चालू ठेवायचे, दुसऱ्या सकाळपर्यंत राहिले तर निम्मे करायचे, हा साधा नियम त्यांना मानवला.

कामाबाबतची बोलणी औषधांपेक्षा कठीण गेली. भाकरी दाबण्याचे यंत्र घ्या, असे मुलाने सुचवले. शांताबाईंचे उत्तर होते की दाबलेली भाकरी त्यांचे गिऱ्हाईक पहिल्या घासाला ओळखेल. लाटण्याची गोष्ट तर ऐकूनही घेतली नाही. शेवटी त्यांनीच मार्ग काढला : शेजारच्या दोन बायकांना थापायला बसवले, स्वतः तव्यावर आणि हिशेबावर आल्या, जमिनीवरची शेगडी उचलून कमरेइतक्या ओट्यावर ठेवली. शेंगा कुटणेही दुसऱ्या हाती गेले. मजुरी वजा जाता हाती पूर्वीपेक्षा कमी उरते, ही त्यांची तक्रार खरी आहे. तिच्यावर आमच्याकडे औषध नाही.

वेगळे काय करता आले असते

तापाच्या वेळी, वेदनाशामक टाळतानाच, डेंग्यूची शक्यता मागे पडल्यावर येऊन दुसरे औषध घेण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यायला हवी होती. ती तारीख असती तर पुड्यांचे पाच आठवडे बहुधा टळले असते. निदान तिसऱ्या आठवड्यात सूज आमच्या नजरेस पडली असती.

केसपेपरवरील 6.3 हा आकडा आणि गुडघ्यांची जुनी नोंद पहिल्याच भेटीत वाचली असती तर साखरेबाबत घरच्यांना आधीच सावध करता आले असते. डिसेंबरमध्ये आम्ही सांधे मोजले, सूज मोजली, रक्त तपासले. पण हाताला प्रत्यक्ष काम करायला लावून पाहिले नाही. अंगठ्याची ती चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. ती दहा आठवडे उशिरा आणि योगायोगाने झाली, याची रुखरुख आहे. आता अशा रुग्णाला आम्ही रोजचे काम दवाखान्यातच करून दाखवायला सांगतो : वेणी, पिळा, कुलूप, मोटारसायकलचा क्लच, जे असेल ते.

स्टेरॉइडच्या पुड्या देणाऱ्याबद्दल राग येणे स्वाभाविक आहे. पण त्याने एका दिवसात हात हलता केला आणि आम्ही ‘वेळ लागेल’ म्हणालो, एवढेच त्या घराने पाहिले होते. दुखण्याची दखल घेतली जात आहे हे रुग्णाला पहिल्याच महिन्यात दिसले नाही, तर तो दुसरीकडे जाणारच.

सध्याची स्थिती

सहा महिन्यांच्या पुनर्विचारात सूज जवळपास नाहीशी होती, अँटी-सीसीपी पुन्हा नकारार्थी, हातांचे एक्स-रे जसेच्या तसे. आमवाताचे नाव लावले नाही ते योग्यच झाले. ऑगस्टपासून मेथोट्रेक्सेट टप्प्याटप्प्याने कमी करून ऑक्टोबर 2025 अखेर तज्ज्ञांच्या सल्ल्याने बंद केले. सरासरी साखर 6.6 आहे; मेटफॉर्मिन चालू आहे. ताठरपणा वीस मिनिटांवर आला आहे आणि थंडीत किंवा खूप कपडे धुतल्यावर वाढतो. रोज नव्वदच्या आसपास भाकरी होतात, त्यांतल्या वीस-पंचवीस शांताबाई स्वतः थापतात.

नोव्हेंबरच्या भेटीत, म्हणजे तापानंतर चौदाव्या महिन्यात, त्या पुन्हा दुखणे घेऊन आल्या. सून म्हणाली, ‘‘आईंचं चिकनगुन्या परत उठलंय.’’ शांताबाईंनी तिला थांबवले : ‘‘ह्ये त्यातलं न्हाई. सकाळी काय हुत न्हाई, जिना चढताना हुतंय. ह्ये माजं जुनं गुडघ्याचं हाय.’’ तपासल्यावर तसेच निघाले. सूज नव्हती, सीआरपी सर्वसाधारण होता. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सांगितले, वजन साडेतीन किलोने उतरवायचे ठरले, आणि पुढची तारीख जानेवारीतली दिली.